‘लाईन’ या शब्दाबद्दल खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात ‘लाईन’ हा शब्द सकाळपासून किती कामं करतो, ते मोजायला बसू नये. वीज म्हणजे लाईन. शेतात पाणी येतं ते लाइनीतून. जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची लाईन, पोरगा मेडिकल लाइनीला, आणि भुसावळ तर लाइनीच्या जिवावरच वाढलेलं. इंग्रजी बोलायची वेळ आली की मात्र हाच शब्द दर दुसऱ्या वाक्याला दगा देतो. मुलाखतीची तयारी करणारी मुलं, स्पोकन इंग्लिशच्या वर्गाला येणाऱ्या गृहिणी, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी फोनवर बोलणारे केळी उत्पादक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा, लवकर बसतात.

‘लाईन गेली’ याला इंग्रजीत काय म्हणायचं? ‘द लाईन इज गॉन’ चालेल का?

नाही चालणार. लंडनमधल्या माणसाला वाटेल फोन कटला, नाहीतर कपडे वाळत घालायची दोरी कुणीतरी नेली. आपल्याकडे खांबावरची तार आणि तिच्यातून येणारी वीज या दोघींना एकच नाव पडलं आहे. अहिराणीत ‘लाईन गयी’, ‘लाईन उनी’ एवढ्यात सगळा कारभार उरकतो. ‘वीजपुरवठा खंडित झाला आहे’ असं कुणी बोललं, तर तो महावितरणचा मेसेज वाचून दाखवतोय असं खुशाल समजावं.

इंग्रजीत अशा वेळी ‘पॉवर’ हा शब्द धरायचा. ‘द पॉवर्स गॉन’ किंवा ‘द पॉवर इज आऊट’. ब्रिटिश माणूस ‘देअर्स अ पॉवर कट’ म्हणेल, अमेरिकन ‘आउटेज’ म्हणेल. वीज आली की ‘द पॉवर इज बॅक’. ‘लोडशेडिंग’ हा शब्द आपण घडवलेला आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो अस्सल इंग्रजी आहे. दक्षिण आफ्रिकेत तर तो आपल्याइतकाच रोजच्या बोलण्यात असतो.

‘लाईट गेली’ म्हणायची सवय असलेले ‘द लाईट्स वेन्ट आऊट’ म्हणतात. ते चूक नाही, पण त्यात फक्त दिवे विझले. विहिरीवरची मोटर बंद पडली हे त्यात येत नाही. शेतीची गोष्ट असेल तर ‘पॉवर’च बरा. ‘सिंगल फेजच आहे, मोटर चालणार नाही’ हे असं सांगावं : ‘वी हॅव ओन्ली सिंगल-फेज पॉवर, सो द पंप वोन्ट रन’. आपण जिला मोटर म्हणतो तिला इंग्रजीत पंप म्हणतात, मोटर त्या पंपाचा एक भाग. आणि डीपी जळाली असेल तर ‘द ट्रान्सफॉर्मर हॅज बर्न्ट आऊट’. समोरच्या परक्या माणसाला ‘डीपी’ म्हणालात तर तो तुमचा व्हॉट्सअॅपवरचा फोटो आठवू लागेल.

लाईनमन मात्र इंग्रजीतही लाईनमनच. अमेरिकेत ‘लाईनमन’, ब्रिटनमध्ये ‘लाईन्समन’. हा दुसरा शब्द फुटबॉल-टेनिसच्या मैदानावर रेघेवर नजर ठेवणाऱ्यासाठीही वापरतात.

डिप्लोमाच्या पुस्तकात ‘लाईन व्होल्टेज’ असतं. ती हीच लाईन का?

तीच, पण नेमक्या अर्थानं. थ्री फेजमध्ये कुठल्याही दोन फेजमधला दाब म्हणजे लाईन व्होल्टेज, आपल्याकडे साधारण ४१५. फेज आणि न्यूट्रलमधला दाब म्हणजे फेज व्होल्टेज, साधारण २४०. पहिल्याला ३च्या वर्गमुळानं भागलं की दुसरा मिळतो. तोंडी परीक्षेत ‘लाईन म्हणजे लाईट’ असं उत्तर देऊ नये, एवढंच.

रांगेला ‘लाईन’ म्हणायचं की ‘क्यू’?

दोन्ही बरोबर. ब्रिटिश ‘क्यू’मध्ये उभे राहतात, अमेरिकन ‘लाईन’मध्ये. न्यूयॉर्कचे लोक तर ‘स्टँडिंग ऑन लाईन’ म्हणतात, आणि त्याचा इंटरनेटशी काही संबंध नसतो. ‘क्यू’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द, मूळ अर्थ शेपूट. स्पेलिंग पाच अक्षरांचं आणि उच्चार पहिल्या एकाच अक्षराचा. उरलेली चार आपली पाळी यायची वाट बघत उभी आहेत म्हणा.

फरक एवढाच, की ‘क्यू’मध्ये कुणीतरी कशाची तरी वाट पाहत असलं पाहिजे. युरियासाठी दुकानापुढे लागलेली लाईन ‘अ क्यू फॉर युरिया’. बांधावर ओळीनं लावलेल्या निंबाच्या झाडांना मात्र ‘क्यू’ म्हणता येत नाही, ती ‘अ लाईन ऑफ ट्रीज’. केळीच्या बागेतल्या ओळींना ‘रोज’ (‘रो’चं अनेकवचन) म्हणा, नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या रांगांनाही ‘रोज’. कापूस घेऊन जिनिंगबाहेर थांबलेले ट्रॅक्टर ‘अ लाँग लाईन ऑफ ट्रॅक्टर्स’ म्हणा नाहीतर ‘क्यू’, दोन्ही चालतं, कारण ते बिचारे वाट बघतच असतात.

मध्ये घुसणं म्हणजे ब्रिटिशांचं ‘जंप द क्यू’, अमेरिकनांचं ‘कट इन लाईन’. ‘ब्रेक द लाईन’ हे आपण ‘लाईन तोडणे’वरून पाडलेलं वाक्य आहे, ते टाळा. घुसणाऱ्याला सभ्यपणे सांगायचं तर ‘सॉरी, देअर्स अ क्यू’. सभ्यपणा संपल्यावरचं वाक्य तुम्हाला अहिराणीत येतंच.

मराठीत ‘लाईन’ला पर्याय कोणते? सगळीकडे ‘रांग’ लावली तर चालेल का?

नाही. इंग्रजीत एका ‘लाईन’नं भागतं तिथे मराठीत घरचे डझनभर शब्द आहेत, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

माणसं पाळीसाठी उभी असतील तर रांग. डोंगरांचीही रांगच, सातपुड्याची रांग. इथे इंग्रजीत ‘लाईन’ नाही, ‘रेंज’ म्हणतात. देवळात दर्शनाला उभे राहिलात तर ती बारी. नवरात्रात धुळ्याला एकवीरा देवीच्या दर्शनाला जाणारा ‘बारीत दोन तास गेले’ म्हणतो. जेवायला मांडी घालून बसलात की पंगत. वरण-बट्टीच्या पंगतीला ‘लाईन’ म्हणणारा अजून तरी भेटलेला नाही, आणि न भेटो. पंगतीला इंग्रजीत नेमका शब्द नाही. ‘पहिली पंगत उठली’ हे सांगायचंच असेल तर ‘द फर्स्ट सिटिंग इज ओव्हर’ बऱ्यापैकी जवळ जातं.

लिहिलेली ती ओळ, लावलेल्या झाडांचीही ओळ. हातानं ओढली तर रेघ, भूमितीत शिरली की तीच रेषा. तळहातावर रेषा, दारिद्र्याची रेषा, लक्ष्मणाचीही रेषा. कपाळावर मात्र पुन्हा ‘नशिबाची रेघ’ म्हणणारे आहेत, तिथे व्याकरण चालत नाही.

शेतात तर शब्दच शब्द. नांगराचं तास, भिजवणीसाठी पाडलेली सरी, तिफणीनं उमटलेली काकरी, निंदणीला बायका आपापली घेतात ती पात. यातल्या एकालाही ‘लाईन’ म्हणून भागत नाही. पातीत कोण पुढे आणि कोण मागे यावर दिवसभराच्या गप्पा चालतात, त्या ‘लाइनी’वर चालायच्या नाहीत.

उरले ते सरकारी पर्याय : जलवाहिनी, वीजवाहिनी, लोहमार्ग. हे बातमीत चांगले दिसतात. पण पाणी रस्त्यावर उडायला लागलं की ‘लाईन फुटली रे!’ असंच ओरडलं जातं. त्यात भाषेचं काही बिघडतं असं मला वाटत नाही. ‘रांग’, ‘ओळ’, ‘पंगत’ हे शब्द जिभेवर असताना तिथेही ‘लाईन’ घुसवणं मात्र आळस.

ठिबकवाला ‘ऑनलाईन घ्यायचं की इनलाईन’ विचारतो. म्हणजे मोबाईलवरून मागवायचं का?

हा घोळ जळगाव जिल्ह्यात खरोखर होतो, विशेषतः शहरात राहून शेती बघणाऱ्या मुलांचा. ठिबकमध्ये हे दोन्ही शब्द इंटरनेटच्या संदर्भात येतच नाहीत. ‘ऑनलाईन’ म्हणजे नळीला हव्या त्या अंतरावर छिद्र पाडून बाहेरून बसवलेला ड्रिपर. ‘इनलाईन’ म्हणजे कारखान्यातच नळीच्या आत ठरावीक अंतरावर बसवून आलेला. मोसंबी, लिंबू, डाळिंब अशी लांबलांब लावलेली झाडं असली की ऑनलाईन सोयीचं, कारण झाड वाढेल तसे ड्रिपर वाढवता येतात. केळी, कापूस, ऊस यांच्या सलग ओळींना इनलाईन. दोन्हीकडे ‘लाईन’ म्हणजे ती पाण्याची नळीच.

विहिरीपासून निघते ती मेनलाईन, तिच्यापासून सबमेन, आणि सबमेनवरून ओळीओळीनं जाणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे लॅटरल. हे सगळे शब्द इंग्रजीत जसेच्या तसे वापरता येतात. परदेशी ग्राहकाशी बोलताना कचरायचं कारण नाही. खान्देशी शेतकऱ्याचं या एका विषयातलं इंग्रजी कुठल्याही शहरी माणसापेक्षा पक्कं असतं.

नदीवरून शेतापर्यंत लाईन टाकणं ही वेगळी गोष्ट. तापीकाठच्या गावांतून कित्येक किलोमीटर पाईप पुरून पाणी नेलेलं असतं, आणि सोयरिकीच्या बोलण्यात ‘नदीची लाईन आहे’ हे वाक्य सोन्याच्या तोळ्यांच्या आधी येतं. इंग्रजीत ‘वी हॅव लेड अ पाईपलाईन फ्रॉम द रिव्हर’. ‘थ्रोन अ लाईन’ नको, त्याचा अर्थ बुडत्याला दोरी फेकली असा होईल.

हा शब्द मुळात आला कुठून?

जवसातून. थट्टा नाही. लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला ‘लिनम’ म्हणत. त्या झाडाच्या खोडातून धागा निघतो, त्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन, आणि तो धागा ताणून धरला की ‘लिनिआ’. तीच इंग्रजीत ‘लाईन’ झाली. म्हणजे आधी दोरी आणि मग रेघ. जवसाला इंग्रजीत ‘लिनसीड’ म्हणतात, तेही याच घरातलं. जवसाची चटणी भाकरीवर घेताना आपण या शब्दाचं मूळच खात असतो.

गवंड्याची लाईनदोरी बघा. भिंत सरळ यावी म्हणून तो जी दोरी ताणतो, तिच्या नावात ‘दोरी’ दोनदा आली आहे, एकदा लॅटिनमधून आणि एकदा मराठीतून. इंग्रजीत तिला ‘मेसन्स लाईन’ म्हणतात. ओळंब्याच्या दोरीला ‘प्लंब लाईन’.

कपड्याला आतून लिनन लावायचे, म्हणून अस्तराला ‘लायनिंग’ म्हणू लागले. त्याच ‘आतून लावणे’वरून इंजिनातला लायनर. गॅरेजमध्ये ‘लायनर-पिस्टन बदलायला झालेत’ ऐकताना कपड्याची आठवण होत नाही, पण नातं आहे.

दुकानात ‘लायनिंगचा शर्ट’ मागितला, तर पुण्यातल्या मॉलमधल्या मुलीला कळलं नाही.

रेघारेघांच्या शर्टाला इंग्रजीत ‘स्ट्राईप्ड शर्ट’ म्हणतात. ‘लाईन्ड’ म्हणजे अस्तर लावलेला, जसं ‘लाईन्ड जॅकेट’. शिवणाऱ्या ताईंना ‘लायनिंगचा ब्लाऊज’ म्हणालात तर त्या अस्तराचाच धरतील, आणि ते बरोबर आहे. वहीचं म्हणाल तर दुरेघी, चाररेघी वहीला ‘रूल्ड’ म्हणतात, कोऱ्या वहीला ‘अनरूल्ड’ किंवा ‘प्लेन’.

‘मुलगा कोणत्या लाइनीला आहे?’ याचं इंग्रजी?

‘पोऱ्या कोनती लाईनले शे?’ या प्रश्नात आपल्याकडे शिक्षण, नोकरी, धंदा आणि थोडीशी आर्थिक चौकशी असं सगळं एकदम येतं. इंग्रजीत ते वेगवेगळं विचारावं लागतं.

धंदा-नोकरीसाठी ‘लाईन’ खरोखर चालतो. ‘व्हॉट लाईन ऑफ वर्क इज ही इन?’ हे अस्सल इंग्रजी वाक्य आहे, जरा जुन्या वळणाचं. साधं विचारायचं तर ‘व्हॉट डज ही डू?’ एवढंच, आणि हा प्रश्न कामाबद्दलच असतो. तुम्हाला कुणी विचारलं, ‘व्हॉट डू यू डू?’ तर ‘आय अॅम सिटिंग’ असं उत्तर देऊ नका.

शिक्षणासाठी ‘सायन्स लाईन’, ‘आर्ट्स लाईन’ नको. अकरावी-बारावीच्या शाखेला भारतीय इंग्रजीत ‘स्ट्रीम’ म्हणतात : ‘शी इज इन द सायन्स स्ट्रीम’. पदवीच्या पुढे ‘फील्ड’ घ्यावा. ‘मेडिकल लाइनीला आहे’ म्हणजे डॉक्टर, कंपाउंडर, औषध दुकानदार, एमआर यांतलं काहीही असू शकतं. मराठीत ही सोय आहे, चार लोकांत मुलगा नक्की काय करतो ते झाकता येतं. इंग्रजीत ‘ही इज इन द मेडिकल फील्ड’ म्हटलं की पुढचा प्रश्न लगेच येतो.

रेल्वेची लाईन, ट्रॅक, रूळ यांत फरक काय?

रूळ म्हणजे ‘रेल’, लोखंडाचा तो दांडा. दोन रूळ, स्लीपर आणि खडी मिळून ‘ट्रॅक’. आणि दोन गावं जोडणारा अख्खा रस्ता म्हणजे ‘लाईन’. जळगावाहून सुरत लाईन फुटते. भुसावळच्या पुढे एक लाईन खंडवा-इटारसीकडे आणि दुसरी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरकडे जाते. हे सगळे उल्लेख इंग्रजीत तसेच : ‘द सुरत लाईन’, ‘द नागपूर लाईन’. स्टेशनावर ‘गाडी कोणत्या लाइनीवर येईल?’ असं विचारायचं असेल तर मात्र ‘विच प्लॅटफॉर्म?’

बातम्यांतही नीट बघा. रेल्वेच्या भाषेत ‘न्यू लाईन’ म्हणजे जिथे आधी रूळच नव्हते तिथे नवा मार्ग. धुळ्यावरून जाणारी मनमाड-इंदूर ही तशी. ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली, अंदाजे खर्च १८,०३६ कोटी रुपये. जुन्या एकेरी मार्गाशेजारी दुसरा टाकला तर ते ‘डबलिंग’. जळगाव-भुसावळसारख्या गर्दीच्या टप्प्यात ‘थर्ड लाईन’, ‘फोर्थ लाईन’ येतात. आणि पाचोरा-जामनेरच्या ‘पीजे’सारखा अरुंद मार्ग रुंद करायचा तर ‘गेज कन्व्हर्जन’. चारही गोष्टींना आपण ‘लाईन टाकताहेत’ म्हणतो, म्हणून ‘लाईन मंजूर झाली’ ऐकलं की आधी विचारावं, कुठली?

‘लाईन क्लिअर’ हे भुसावळकरांचं आवडतं. मुळात तो गाड्या चालवण्यातला पारिभाषिक शब्द आहे. पुढच्या स्टेशनाकडून ‘लाईन क्लिअर’ मिळाल्याशिवाय अलीकडचा स्टेशन मास्तर गाडी सोडत नाही, कारण दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी हवी. रेल्वे कॉलनीतून हा शब्द गावात आला आणि आता ‘मुलीकडून लाईन क्लिअर आहे’ इथपर्यंत पोचला. इंग्रजीत हे ‘दे हॅव गिव्हन द गो-अहेड’. ‘लूप लाइनीला टाकलं’ हेही रेल्वेचंच. दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी एखादी गाडी बाजूच्या रुळावर थांबवतात, तसं साहेबाला बिनमहत्त्वाच्या खुर्चीवर बसवलं : ‘ही हॅज बीन साइडलाइन्ड’.

जाता जाता, जळगाव-भुसावळ रोज ‘अपडाऊन’ करणाऱ्यांसाठी : ‘आय डू अप-डाऊन’ परदेशी माणसाला व्यायाम वाटतो. ‘आय कम्यूट’ म्हणा.

‘आज चोपडा लाइनीवर आहे’ असं सेल्समन म्हणतात, ते?

ठरलेल्या वारी ठरलेल्या गावांची फेरी. इंग्रजीत ‘रूट’ किंवा ‘राऊंड’, विक्रीच्या धंद्यात ‘बीट’. ट्रकवाला ‘गाडी लाइनीवर आहे’ म्हणतो तेव्हा ‘द ट्रक इज ऑन द रोड’.

‘पोलीस लाईन’मध्ये लाईन कसली?

घरांची. इंग्रजी छावण्यांत शिपायांच्या झोपड्या, तंबू ओळीनं असत, त्या ओळींना ‘लाईन्स’ म्हणत. उत्तर भारतातल्या गावोगावच्या ‘सिव्हिल लाईन्स’ त्याच काळातल्या. इंग्रजीत शेवटी ‘स’ लागतो, आपण तो सोडून दिला.

‘पोराला लाइनीवर आणा’ हे कसं सांगायचं?

‘ब्रिंग ऑन लाईन’ म्हणाल तर पोरगं मोबाईल घेऊन बसेल. ‘सेट हिम स्ट्रेट’ किंवा ‘ब्रिंग हिम इन लाईन’. सांगितल्याप्रमाणे निमूट वागणं म्हणजे ‘टो द लाईन’. यातला ‘टो’ पायाच्या अंगठ्याचा : सगळ्यांनी आखलेल्या रेघेला अंगठे टेकवून उभं राहायचं. गाडी ओढून नेण्याचा ‘टो’ नाही. चांगल्या शिकलेल्यांच्या अर्जातही हे स्पेलिंग चुकलेलं असतं.

डेडलाईन, गाईडलाईन, हेल्पलाईन यांना मराठीत काय?

डेडलाईनला ‘मुदत’, यापेक्षा चांगला शब्द शोधायची गरज नाही. पीकविम्याची मुदत, फॉर्मची मुदत. इंग्रजी शब्दाचा इतिहास मात्र भयंकर आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. पुढे वर्तमानपत्रांनी तो शब्द बातमी देण्याच्या वेळेला लावला.

गाईडलाईनला ‘मार्गदर्शक सूचना’, बोलताना नुसतं ‘सूचना’ पुरे. हेल्पलाईन तशीच ठेवावी. विजेच्या तक्रारीचा १९१२ हा क्रमांक लोक ‘हेल्पलाईन’ म्हणूनच ओळखतात.

‘लाईन मारणे’ इंग्रजीत आहे का?

शब्दशः नाही. साधं छेडणं-लाडीगोडी असेल तर ‘फ्लर्ट’, सरळ गळ्यात पडणं असेल तर ‘हिट ऑन’. त्यासाठी पाठ केलेलं चकचकीत वाक्य म्हणजे ‘पिक-अप लाईन’. समोरच्या व्यक्तीला ते नको असेल तर त्याला दोन्ही भाषांत ‘त्रास देणे’ म्हणतात, आणि पोलिसांतही तोच शब्द चालतो.

‘लाईन’ लिहायचं की ‘लाइन’? आणि ती की ते?

मराठी वळणानं ‘लाईन’. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीचा इकार दीर्घ. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो : वीट-विटेत, तसं लाईन-लाइनीत. हिंदीत ‘लाइन’ लिहितात, म्हणून पाट्यांवर दोन्ही दिसतं. लिंग स्त्रीलिंगी, अहिराणीतही. रांग, ओळ, रेघ, तार, दोरी सगळ्या बायाच, त्यांच्यात ही नवीन आली आणि त्यांच्यासारखीच झाली.

फोनवर ‘लाइनीवर राहा’ म्हणायचं असेल तर?

‘होल्ड द लाईन, प्लीज’ किंवा ‘प्लीज होल्ड’. ओळखीच्या माणसाला ‘हँग ऑन’. लाईन बिझी असेल तर अमेरिकन ‘बिझी’, ब्रिटिश ‘एंगेज्ड’. आवाज तुटत असेल तर ‘द लाईन इज बॅड’ किंवा ‘यू आर ब्रेकिंग अप’. मध्येच फोन कटला आणि परत लावला, तर ‘सॉरी, वी गॉट कट ऑफ’ म्हणून पुढे बोलायचं. ‘लाईन गेली होती’ असं सांगितलंत, तर पलीकडचा जळगावचा असला तरच त्याला कळेल, आणि तोही आधी विचारेल की फोनची का लाईटीची.